घड्याळावर चरा पडलाय? पॉलिशला देण्याआधी हा हिशेब करा

दिवाळीच्या सुमारास धान निघालं की गोंदियातल्या राईस मिल रात्रंदिवस चालू लागतात. मिलच्या आवारात तासभर उभं राहिलं तरी शर्टाच्या बाहीवर, भुवयांवर आणि मनगटावरच्या घड्याळावर तुसाची बारीक धूळ बसते. आपण सवयीनं ती शर्टाच्या टोकानं पुसतो आणि नेमका तिथंच चरा पडतो. धानाच्या तुसात सिलिका असते. तूस जाळलं तर वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. घड्याळाच्या स्टीलपेक्षा ती कठीण. रस्त्यावरच्या धुळीतले वाळूचे कण त्याहूनही कठीण. त्यामुळे मिलमालक असो, शिक्षक असो की देवरी-सालेकसाच्या रस्त्यानं रोज मोटारसायकलवर फिरणारा औषध प्रतिनिधी, आपल्याकडे मनगटावरचं घड्याळ वर्षभरात चऱ्यांनी भरतंच.

साध्या घड्याळाचं एवढं वाईट वाटत नाही. पण लग्नात मिळालेलं, पहिल्या मोठ्या पगारातून घेतलेलं किंवा वडिलांच्या निवृत्तीला भेट दिलेलं पन्नास हजारांचं, लाखाचं घड्याळ चऱ्यांनी भरलं की जीव हळहळतो. मग आपण बाजारात जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, "पॉलिश करून द्याल का? किती घ्याल?" हा प्रश्न सर्वात शेवटी विचारायचा असतो. त्याआधी काय विचारायचं आणि कुठल्या कामाला किती खर्च येतो, ते इथे सांगतो.

पॉलिश म्हणजे नेमकं काय

पॉलिशनं चरा भरून निघतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. चरा जितका खोल, तितका त्याच्या आजूबाजूचा सगळा धातू उतरवून पृष्ठभाग चऱ्याच्या तळाशी आणला जातो. म्हणजे दर पॉलिशला घड्याळ थोडं झिजतं. उतरलेला धातू परत येत नाही. चांगला कारागीर कमीत कमी धातू काढतो, घाईतला कारागीर जास्त काढतो, एवढाच फरक.

माझ्या लग्नात सासऱ्यांनी दिलेलं स्टीलचं स्विस घड्याळ मी दहा वर्षांनी एका दुकानात ३०० रुपयांत पॉलिश करून घेतलं. पंधरा मिनिटांत काम झालं आणि घड्याळ आरशासारखं चकाकत हातात आलं. घरी येऊन नीट पाहिलं. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीच्या, बाजूला बारीक समांतर रेघांची जी मंद झळाळी होती, ती नाहीशी झाली होती. चकचकीत भाग आणि रेघांचा भाग यांच्यामधली धारदार कड गोल झाली होती. मागच्या झाकणावर कोरलेला नंबर पुसट झाला होता. पुढे एका जाणत्या कारागिरानं मला ते भिंगातून दाखवलं. पट्टा जिथे अडकतो ती चार टोकं, म्हणजे लग, सारखी राहिली नव्हती. एका बाजूची दोन बारीक झाली होती, कारण बफच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या, चाकावर ती जास्त वेळ धरली गेली होती. चरे गेले होते, पण घड्याळाचा आकारही गेला होता. त्या ३०० रुपयांची भरपाई आता कितीही पैसे मोजले तरी होणार नाही.

पहिली पायरी : चरा कुठे आहे आणि किती खोल आहे

घड्याळ खिडकीपाशी उजेडात तिरकं धरा आणि चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर तो वरवरचा ओरखडा आहे. रोजच्या वापरात असे ओरखडे एकमेकांत मिसळून जातात, त्यांच्यासाठी खर्च करू नये. नख अडकलं तर चरा खोल आहे. धातू आत दबला असेल तर तो चरा नव्हे, खड्डा आहे. खड्डा पॉलिशनं काढायला गेलं तर फार धातू जातो. मोठ्या कार्यशाळेत अशा ठिकाणी लेझर वेल्डिंगनं धातू भरून मग आकार देतात. ते काम महाग असतं आणि मौल्यवान घड्याळालाच परवडतं.

दुसरी पायरी : घड्याळ कशाचं आहे

मागचं झाकण वाचा. 'ऑल स्टेनलेस स्टील' लिहिलं असेल तर केस पूर्ण स्टीलची आहे. नुसतं 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल तर सावध व्हा. तिथे फक्त झाकण स्टीलचं असतं आणि केस बहुतेक वेळा पितळेसारख्या धातूची, वर मुलामा दिलेली असते. तिला बफ लावला की मुलामा उडतो आणि आतला धातू दिसू लागतो.

स्टील : पॉलिश करता येतं, पण मोजकंच. घड्याळाच्या उभ्या आयुष्यात दोनतीनदा पुरे.

सोनं : १८ कॅरेटचं सोनं स्टीलपेक्षा मऊ असतं. त्यावर लवकर चरे पडतात आणि पॉलिशला ते लवकर झिजतं. उतरलेला प्रत्येक कण सोनंच असतं, हे लक्षात ठेवा.

सोन्याचा मुलामा किंवा रंगीत लेप : पॉलिश अजिबात नाही. लेप मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ असतो. चरे नको असतील तर पुन्हा मुलामा देणं किंवा कंपनीकडून तो भाग बदलणं, हेच दोन मार्ग.

टायटॅनियम : स्टीलपेक्षा हलकं, पण साध्या बफिंगला दाद देत नाही. ज्यानं हे काम आधी केलं आहे त्याच्याकडेच द्यावं.

सिरॅमिक आणि हार्ड मेटल : राडोनं १९६२ मध्ये डायस्टार बाजारात आणलं ते चरा न पडणारं घड्याळ म्हणूनच, आणि आपल्याकडच्या अनेक घरांत राडो आजही मानानं जपलेलं दिसतं. अशा केसवर सहसा चरे पडत नाहीत. मात्र सिरॅमिक फरशीवर पडलं तर टवका उडू शकतो किंवा तडा जाऊ शकतो. त्याला पॉलिश हा उपाय नाही, तो भाग बदलावा लागतो.

काचेचा हिशेब वेगळा

घड्याळ जुनं दिसायचं मुख्य कारण बहुतेक वेळा काच असते. काच नवी झाली की केसवरचे चरे खटकत नाहीत, असा माझा अनुभव आहे. म्हणून आधी काचेकडे पाहा.

ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकची काच जुन्या एचएमटी जनता, पायलटसारख्या घड्याळांना असते, आणि ओमेगाच्या स्पीडमास्टरच्या मूळ धाटणीच्या मॉडेललाही. तिच्यावर पटकन चरे पडतात, पण ती घरच्या घरी साफ होते. एचएमटीच्या घड्याळांचं उत्पादन १९६१ मध्ये बंगळूरात सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झालं आणि ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तरी यातल्या बऱ्याच मॉडेलना बसणाऱ्या काचा बाजारात अजून मिळतात.

मिनरल काच मध्यम दर्जाच्या घड्याळांत असते. तिच्यावरचा खोल चरा घासून काढण्यात अर्थ नाही, बदलणं स्वस्त पडतं.

सफायर काच कठीणपणाच्या मोह्स मापनश्रेणीत ९ वर आहे. हिरा १० वर, वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. त्यामुळे धुळीनं तिच्यावर चरे पडत नाहीत. सफायरवर चरा दिसला तर आधी तपासून घ्या. काही घड्याळांत काचेवर बाहेरून चमक कमी करणारा लेप असतो आणि ओरखडा त्या लेपावरच असतो. दुसऱ्या धातूचा अंश काचेवर घासून चिकटला असेल तरी तो चऱ्यासारखाच दिसतो, आणि तो कोमट साबणपाण्यानं आणि मऊ कापडानं निघू शकतो.

खर्चाचा अंदाज

खालचे आकडे बजेट धरण्यासाठी आहेत. घड्याळ, शहर आणि कारागीर यांप्रमाणे ते कमीजास्त होतील. लेखी अंदाजपत्रकातला आकडाच शेवटचा मानावा.

१. मायक्रोफायबर कापड आणि मऊ ब्रश : १०० ते ३०० रुपये.

२. ॲक्रिलिक काचेसाठी पॉलिश पेस्टची ट्यूब : ५०० ते १,००० रुपये. एक ट्यूब अनेक घड्याळांना पुरते.

३. ॲक्रिलिक काच बदलणं : १५० ते ४०० रुपये.

४. मिनरल काच बदलणं : २५० ते ८०० रुपये.

५. बाजारातलं साधं बफिंग : २०० ते ६०० रुपये. महागड्या घड्याळासाठी हा पर्याय यादीतूनच काढून टाका.

६. मोठ्या शहरातल्या अनुभवी स्वतंत्र कारागिराकडून केस आणि चेन सुटी करून, रेघांची दिशा राखून केलेलं पॉलिश : ३,००० ते १०,००० रुपये.

७. कंपनीची मूळ सफायर काच, बसवण्यासह : ६,००० ते २०,००० रुपये, वरच्या श्रेणीत त्याहून जास्त.

८. मध्यम किमतीच्या स्विस घड्याळाचं अधिकृत केंद्रातलं पूर्ण सर्व्हिसिंग, पॉलिशसह : १०,००० ते २५,००० रुपये.

९. वरच्या श्रेणीतल्या यांत्रिक घड्याळाचं पूर्ण सर्व्हिसिंग : ४०,००० पासून लाखाच्या घरात.

दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो आकड्यात धरलाय का, हे विचारा. १२,००० रुपये सांगितले आणि कर वेगळा असेल तर बिल १४,१६० रुपयांचं येईल. शिवाय केस उघडली की पाणी अडवणारे रबरी वॉशर बदलून दाबाची चाचणी करावी लागते. स्वस्त पॉलिशमध्ये हे काम धरलेलं नसतं. पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत वाफ जमते, मशीनला गंज चढतो आणि ५०० रुपयांच्या पॉलिशपायी १५,००० रुपयांचं मशीनचं काम अंगावर येतं.

सर्व्हिसिंगची वेळ लक्षात घेतली तर एक मोठी बचतही होते. अनेक स्विस कंपन्यांच्या पूर्ण सर्व्हिसिंगमध्ये केस आणि चेनचं पॉलिश धरलेलंच असतं. घड्याळ दोन वर्षांनी सर्व्हिसिंगला जाणार असेल तर आज वेगळं पॉलिश करणं म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे देणं आणि दोनदा धातू घालवणं.

घरी काय करावं, काय करू नये

ॲक्रिलिक काच घरी जरूर साफ करा. काचेभोवतीच्या धातूवर चिकटपट्टी लावा. पेस्टचा थेंब कापडावर घेऊन दोनतीन मिनिटं गोल फिरवा, पुसा, पाहा आणि गरज वाटली तर पुन्हा करा. पेस्ट नसेल तर पांढऱ्या साध्या टूथपेस्टनंही हलके ओरखडे कमी होतात. मात्र हे फक्त प्लास्टिकच्या काचेवर. मिनरल किंवा सफायरवर काही उपयोग नाही.

धातूला टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, भांडी घासायची घासणी, पॉलिश पेपर यांपैकी काहीही लावू नका. चेनच्या कडीवर, म्हणजे क्लॅस्पवर, चकचकीत भाग असेल तर फक्त तिथे पॉलिशचं खास कापड चालतं. रेघांच्या भागावर तेच कापड फिरवलं तर मंद झळाळीत चकाकता डाग उठून दिसतो आणि मग सगळीच केस करावी लागते.

गोंदियाहून घड्याळ कुठे न्यायचं

बॅटरी, पट्टा, ॲक्रिलिक किंवा मिनरल काच, चेनचे दुवे कमी करणं ही कामं आपल्या तालुक्याच्या गावातला जुना घड्याळजी उत्तम करतो. तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगावच्या बाजारात भिंग डोळ्याला लावून बसलेली अशी माणसं अजून आहेत आणि त्यांच्या हाताला काम मिळालं पाहिजे. पण पॉलिशसाठी लागणारी वेगवेगळ्या चाकांची यंत्रं, दाबाची चाचणी आणि कंपनीचे मूळ सुटे भाग यांची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. चांगला कारागीर स्वतःच सांगतो, "हे माझ्याकडे देऊ नका." असं सांगणाऱ्याला बॅटरीचं काम आयुष्यभर द्या.

महागड्या स्विस घड्याळासाठी बहुतेकांना जिल्ह्याबाहेरच जावं लागतं. नागपूर रेल्वेनं १३० किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पूर्वेला रायपूर आहे. मुंबईला थेट जायला विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते. निघण्याआधी कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या ब्रँडचं केंद्र शोधा आणि फोन करून एक प्रश्न विचारा : पॉलिश इथेच होतं की घड्याळ पुढे मुंबई-दिल्लीला जातं? नागपूरचं दुकान बऱ्याचदा फक्त घड्याळ स्वीकारतं. तसं असेल तर लागणारा वेळ, वाहतुकीचा विमा आणि परत मिळण्याची तारीख लिहून घ्या. शक्यतो घड्याळ स्वतः नेऊन द्या. कुरिअरनं पाठवायचंच असेल तर घोषित किमतीचा विमा उतरवल्याशिवाय पाठवू नका.

हातात देण्याआधी

मोबाइलवर सहा फोटो काढा : समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, क्लॅस्प आणि चावी. समोरच्या, मागच्या आणि बाजूंच्या फोटोंत लगची धार दिसली पाहिजे. सीरियल नंबर लिहून ठेवा. मग कारागिराला पाच गोष्टी विचारा. केस आणि चेन मशीनपासून सुटी करणार का? रेघांचा भाग रेघांचाच राहील का? नंबर आणि शिक्के झाकून काम करणार का? वॉशर बदलून पाण्याची चाचणी कराल का? कामाची हमी किती? ओमेगा आणि रोलेक्स आपल्या सर्व्हिसिंगवर दोन वर्षांची हमी देतात. बाकीच्यांची हमी या मापानं तोलून पाहा.

या प्रश्नांना "चिंता करू नका, नव्यासारखं करून देतो" एवढंच उत्तर मिळालं तर घड्याळ परत मनगटावर बांधा आणि निघा.

सर्व्हिसिंगला दिलेल्या घड्याळाला पॉलिश नको असेल तर ते तोंडी सांगू नका, पावतीवर लिहून घ्या. जुनं किंवा दुर्मीळ घड्याळ असेल तर पॉलिश नाहीच म्हणा. जगभरच्या लिलावांत कधीच पॉलिश न झालेल्या केसला जास्त भाव मिळतो, कारण तिच्या कडा कारखान्यातून निघाल्या तशाच असतात. आजोबांच्या घड्याळावरचे चरे त्यांच्या मनगटावर पडलेले आहेत. ते घालवून घड्याळाची किंमत वाढत नाही, कमीच होते.

काम बिघडलं तर

आधी दुकानाला लेखी कळवा, सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो द्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक महत्त्वाची सोय दिली आहे. घड्याळ मुंबईत दिलं असलं तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे गोंदियालाच, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. मात्र पावती आणि फोटो नसतील तर कायदाही हतबल होतो. म्हणून "जीएसटी नको असेल तर बिल नाही, थोडं कमी घेतो" हा सौदा कधीही करू नका.

चरे पडूच नयेत म्हणून

मिलमध्ये, गोदामात, बांधकामावर जाताना महागडं घड्याळ घरी ठेवा. धूळ बसली तर आधी फुंका किंवा मऊ ब्रशनं झाडा, मगच पुसा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि धूळ मिळून चेनच्या सांध्यांत घासणारा चिखल तयार होतो आणि चेन आतून झिजते. घड्याळ पाणीरोधक असेल, वॉशर जुने झालेले नसतील आणि चावी घट्ट बंद असेल तर महिन्यातून एकदा कोमट पाण्यानं मऊ ब्रश फिरवा. चामडी पट्टा आधी काढून ठेवा. घड्याळ आणि कडं एकाच हातात घालू नका. रात्री काढलं की नाणी-किल्ल्यांच्या ताटलीत टाकण्याऐवजी मऊ कापडावर ठेवा.

मग करायचं काय?

घड्याळ पाच वर्षांच्या आतलं असेल, चरे वरवरचे असतील आणि वेळ बरोबर दाखवत असेल, तर एक रुपयाही खर्च करू नका. काच खराब असेल तर फक्त काच बदला. चरे खोल असतील आणि सर्व्हिसिंगची वेळ आली असेल तर दोन्ही कामं एकदमच, अधिकृत केंद्रात किंवा सिद्ध हाताच्या कारागिराकडे करा. मुलामा, जुना वारसा आणि दुर्मीळ घड्याळ यांना पॉलिश नाही. आणि घड्याळ कुणाच्याही हाती देताना, पॉलिश हवं असो वा नसो, तुमचा निर्णय पावतीवर लिहून त्याखाली दोघांची सही घ्या. त्याला पैसे लागत नाहीत आणि तुमच्या घड्याळाचा धातू त्यानंच वाचतो.